जाऊबाईचा गालीचा

माह्या घरात आजवर दारूचा थेंब शिरला नाही, अन् शिरला तो थेट गोजरबाईच्या गालीच्यावर. आता याले काय म्हणावं?

पहिले गोजरबाई कोण ते सांगते. माही मोठी जाऊ. सुलतानपुरात आमची घरं दोन, पण मधातली भिंत एकच. तिच्या चुलीवर फोडणी पडली का शिंक मले येते, अन् माह्या घरात मी जराशी मोठ्यानं बोलली का तिले सगळं समजते. एवढी जवळची जाऊ, अन् आमचा अबोला. लोकायचे अबोले वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून होतात, आमचा साडीवरून झाला. तिच्या अविनाशच्या लग्नात तिनं मले आहेराची साडी दिली. मांडवात घडी उघडून पाहते तं काय, तीच जांभळी साडी, मोराच्या काठाची, जी मीच तिच्या बहिणीले आहेर केली होती! फॉलले माह्याच हातचे टाके! मी काही तोंड दाबून बसणारी बाई नाही. मांडवातच म्हटलं, "जाऊबाई, ही साडी गाव फिरून मलेच भेटाले आली काय?" तं म्हणते कशी, "तू तरी कोठून आणली होती, सांगू काय चारचौघात?"

झालं. तवापासून आम्ही भिंतीशी बोललो, पण एकमेकीशी नाही. ती मांजरीले रागावली का समजाव, मलेच रागावून राह्यली. मंग मीबी भांड्यायले चार शब्द सुनावून घेत होती.

मोठे भाऊजी वारले तवा तेरवीपर्यंत दोन्ही टाइम मी डबा नेला. पण ओट्यावर ठेवून मुक्यानं परत आली. अविनाश फौजेत, सून तिकडेच त्याच्यासंग. ती भिंतीपलीकडे एकटीच राह्यते. खरं सांगते, मले लय वाईट वाटे. कधीकधी घास तोंडात फिरे. पण पहिलं कोण बोलन? मी काऊन बोलू? चूक तिची होती.

यंदा दिवाळी झाली अन् आमच्या राजकुमारचा पुण्याहून फोन आला, सासू-सासऱ्यायले घेऊन येतो म्हणे. लग्न पुण्यातच झालं होतं, हॉलमध्ये. आम्ही जाऊन पाहुण्यासारखे जेवून आलो होतो. आता प्रेरणाचे, माह्या सुनेचे, आईबाप पहिल्यांदा आमच्या घरी येणार.  बैठकीत हातराले एक सतरंजी, तिच्यावर हळदीचे अन् चहाचे नकाशे. मी घरभर वरडत फिरली, "पुण्याचे लोकं येऊन राह्यले, अन् आपल्या घरात माणसाले बसाले धड काही नाही!" आमचे हे, म्हणजे नाव मी घेत नाही, दारावर मोतीराम लिहेल हाय, ते म्हणतात, "खुर्च्या हायेत ना." खुर्च्या! प्लास्टिकच्या, त्यातल्या एकीचा पाय तारेनं बांधेल.

संध्याकाळी दारात गोजरबाई उभी. खांद्यावर गालीचा. अविनाशनं काश्मिरातून आणलेला तो, पांढराशुभ्र, कडेनं निळी वेलबुट्टी. तिनं तो कधी जमिनीवर हातरला नाही. आल्यागेल्याले प्लास्टिक उघडून दाखवे, हात लावू देई ना, अन् पुन्हा गुंडाळून ठेवे. असा गालीचा तिनं माह्या ओसरीत धाडकन टाकला.

"घे," म्हणे. "आडनाव एकच हाय. पाहुण्यात तुहं नाक कापलं तं माहंबी कापते."

अन् गेली. मले तोंड उघडाले वेळच देला नाही. मी तिथीच उभी राह्यली अन् रडूच आलं मले. गालीच्यासाठी नाही, बाप्पा. ती मले 'घे' म्हणाली होती. इतक्या वर्षानं पहिला शब्द माह्यासाठी, मांजरीसाठी नाही.

तवाच मी मनात पक्कं केलं. हा गालीचा जसा आला तसाच परत जाईन. त्याले काही झालं तं पुन्हा अबोला, अन् या वयात पुन्हा अबोला धरला का तो सोडाले आम्ही दोघी राहू, याचा काय भरोसा?

पाहुणे आले. व्याही उंच माणूस, बोलाले कमी, दिसन त्याले हात जोडणारा. विहीण समताताई, बँकेतून रिटायर झालेली. मी धसकेल होती का ही नाक मुरडन, पण ती बिचारी दारातच म्हणाली, "अहो, किती सुंदर गालिचा!" मी भिंतीकडे तोंड केलं अन् मोठ्यानं म्हटलं, "आमच्या जाऊबाईचा हाय! आमच्या मोठ्या जाऊबाईचा!" समताताईनं भिंतीकडे पाह्यलं, तिले वाटलं तिथं फोटो असन.

संध्याकाळी जेवणाच्या आधी व्याह्यानं पिशवीतून बाटली काढली. "नाशिकची वाइन आहे. अगदी थोडी घेऊ, तुमची हरकत नसेल तर."

राजकुमारचा चेहरा उतरला. बाप निर्व्यसनी, गावात नाव. पण आमच्या ह्यायले रोज जेवण झालं का दोन चमचे द्राक्षासव लागते, पोटासाठी. ह्यायनं बाटली हातात घेतली, चश्मा वरखाली केला अन् विचारलं, "द्राक्षाचीच ना?"

"द्राक्षाचीच."

"मंग चालते. मी रोज घेतो."

व्याही खूश झाले. प्रेरणानं तोंडावर ओढणी धरली. मी दारातून पाहून राह्यली होती, म्हटलं असन काही पाचक, पाहुण्याचा मान राह्यला म्हणजे झालं.

आता ह्या माणसानं जन्मात दारू पिली नाही, पण पिणारे पाह्यले हायेत. आमच्याकडे वावरात बसून पिणारे पहिला घोट जमिनीले देतात, मान म्हणून. वास आला तवा ह्यायले उमजलं, ही तं दारूच. पण वाटलं, पुण्याच्या पाहुण्यासमोर आपण अडाणी दिसाले नोको, रीतीनं घेतली पायजे. बसले मांडी घालून. डोळे मिटले. अन् फुलपात्र वाकडं करून दिला जमिनीले मान.

जमिनीले! जमीन होती कोठी तिथं? तिथं गोजरबाईचं काश्मीर होतं!

मी "अवो!" म्हणेपर्यंत व्याह्यानंबी ग्लास वाकडा केला. त्यायले वाटलं, ही या घरची रीत असन. भल्या माणसानं डोळे मिटून, हात जोडून आमची रीत पाळली. ह्यायचा दाग बशीएवढा, त्यायचा वाटीएवढा. लालभडक, पांढऱ्यावर. माह्या पायाखालची जमीन सरकली म्हणते मी.

प्रेरणानं मोबाइल काढला. "आई, मीठ! लगेच मीठ टाकायचं असतं!"

मी सैपाकघरात पळाली, बरणी उचलली अन् मुठीमुठीनं टाकलं, वरून पाणी शिंपडलं. आता आमच्याकडे मिठाच्या बरणीशेजारी पापडखाराची बरणी राह्यते. माह्या सासूच्या काळचा लोणारचा खार, पापडात चिमूटभर टाकाले ठेवेल. बरण्या सारख्याच, अन् मी पाहून उचलली कोठी? पाहतापाहता तो लाल दाग निळा झाला. शाई सांडल्यासारखा निळा! प्रेरणा एकदा मोबाइल पाहे, एकदा दाग पाहे. "आई, निळं होतं असं यात कुठंच लिहिलेलं नाही."

आमचे हे म्हणतात, "वेलबुट्टी निळीच हाय. जमून जाईन."

मी नुसतं पाह्यलं त्यायच्याकडे. फुलपात्र घेऊन अंगणात गेले गुपचूप.

मी कपड्याचा ब्रश आणला अन् घासाले बसली, तं समताताईनं माहा हात धरला. साडी खोचून ती गुडघ्यावर बसली होती, बँकेची मॅनेजर! "घासू नका हो, टिपा. घासलं की डाग आत जातो. गार पाणी आणा, लिंबू आणा, आणि जुनं पांढरं सुती काही असेल तर द्या."

"तुमाले कसं माहीत?"

"आमचे हे पितात कमी आणि सांडतात जास्त," ती म्हणाली, अन् तिकडे व्याही पुन्हा हात जोडून उभे राह्यले.

मी ह्यायचं एक जुनं धोतर फाडलं. आम्हाले आपली घासाची सवय, भांडं असो का माणूस असो. टिपणं म्हणजे काय ते मले समजतच नव्हतं. कपडा ठेवायचा, वरून तळहातानं दाबायचं, उचलायचं, कोरडी बाजू पाहून पुन्हा ठेवायचा. खार सगळा पाण्यानं टिपून काढला अन् लिंबू पिळलं, तं निळा दाग गुलाबी झाला. म्हटलं, हा गालीचा हाय का सरडा? पण समताताई हासली. म्हणे, गुलाबी झाला म्हणजे वाटेवर आला. मंग भांड्याच्या साबणाचं उलसंक, चमचाभर पाणी, मंग पुन्हा टिपणं. आम्ही दोघी विहिणी डोक्याले डोकं लावून बसलो होतो. मानपान तिथीच सुटला. मले ती तवापासून आवडाले लागली, खोटं कायले बोलू?

हे सगळं कुजबुजत चालू होतं बरं, भिंत होती ना. फक्त माही कुजबूज बसस्टँडपर्यंत जाते असं आमचे हे म्हणतात. त्यायचं काय ऐकता?

पाहुणे गेले तवा दोन दाग राह्यले होते, फिकट गुलाबी. पाहणाऱ्याले पटकन दिसणार नाही, पण गोजरबाईले दिसन. तिले तांदळातला खडा बिनचश्म्यानं दिसते. समताताई जाताना सांगून गेली, रोज थोडं लिंबू, थोडं साबणपाणी, टिपायचं अन् सावलीत वाळवायचं. हळूहळू जाईल म्हणे. मी म्हटलं, हळूहळू? ती बाई भिंतीपलीकडे बसेल हाय!

अन् दुसऱ्याच दिवशी दुपारी आली ती. बाहेरूनच आवाज, "गेले काय पाहुणे?"

मी मोठ्या दागावर फतकल मारली. ह्यायचा हात ओढून त्यायले लहान दागावर बसोलं. ह्यायले वावरात हरभऱ्याले पाणी देणं होतं, मोटरची लाइट दुपारीच येते. उठाले लागले तं मी डोळ्यानंच खाली दाबलं.

"या जाऊबाई, बसा."

बसली गालीच्याच्या काठावर. ह्यायच्याकडे पाह्यलं. "भाऊजी, आज वावरात नाही गेले?"

"नाही वैनी," हे म्हणतात. "आज गालीच्यावर बसावं वाटलं."

असं बोलते काय कोणी? पण तिनं मान हालोली. मंग बोलाले लागली. अविनाशचा फोन आलता, तिकडे बर्फ पडला. गुडघा रात्री ठणकते. मांजरीनं दूध सांडलं. मीबी सांगितलं, विहीण कशी हाय, सून कशी हाय. किती वर्षायचं साचेल होतं! बोलता बोलता कढी उतू गेल्यासारखं झालं. पण माहं अर्धं ध्यान बुडाखाली. चहा मांडाले उठता येईना, तं पाणी विचारलं नुसतं. उठताना ती म्हणाली, "गालीचा राहू दे. घाई नाही." मले वाटलं, टोमणा मारून गेली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मंग रोजच. मी रोज सकाळी टिपो, पुसो, वाळवो, अन् दुपारी दागावर काहीतरी मांडून बसो. कधी तुरीची डाळ निवडाले पसरली. कधी लोडाचा कापूस काढून ठेवला. कधी म्हटलं, पाहुणे पुन्हा येणार हायेत, तवर राहू दे. ती 'हाव' म्हणे अन् बसे. ह्यायचं एक धोतर टिपता टिपता संपलं. शेजारपाजारच्या झाडाची लिंबं संपली. लोकायले वाटलं मी लोणचं घालून राह्यली.

मंग एक दिवस ह्यायनं बंड केलं. गमछा खांद्यावर टाकला अन् म्हणाले, "हरभरा सुकून राह्यला. तू दागावर बसाले दुसरा माणूस पाह्य." अन् निघून गेले. नवरा असा वेळेवर कामात येत नाही म्हणून सांगते.

मी त्या वक्ती टिपूनच राह्यली होती. हातात अर्धं लिंबू, गालीचा ओला, डाळीचं सूप सैपाकघरात, अन् ओट्यावर गोजरबाईच्या चपला वाजल्या. काय करू? मोठ्या दागावर बसली, अन् पाय लांब करून लहान दागावर टाचा ठेवल्या. लिंबू मुठीत झाकलं. मोठ्या जावेसमोर पाय पसरून बसली मी! माही सासू जिवंत असती तं तिनं मले घराबाहेर काढलं असतं.

गोजरबाई दारात थबकली. माह्या पायाकडे पाह्यलं. म्हटलं, आता रागावली.

"काऊन वं रुखमे? पाय दुखते काय?"

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणू?

"आण, चोळून देते."

अन् बसलीच ती माह्या पायाशी. माह्याहून मोठी बाई, माह्या सासूच्या जागी, तिनं माहा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला! मले विंचू चावल्यासारखं झालं. "अवो जाऊबाई, नोको, पाप लावता काय मले!" म्हणून मी पाय ओढला, उठाले गेली, अन् दोन्ही दाग उघडे पडले. फिकट, ओले, लिंबाचा वास मारणारे.

मंग मले राहवलं नाही. सगळं ओकली मी. ह्यायनं जमिनीले मान दिला, व्याह्यानं दिला, मिठाच्या जागी खार टाकला, लाल, निळा, गुलाबी, सगळं. मी रडून राह्यली होती अन् बोलून राह्यली होती. "मले शिव्या द्या, जाऊबाई. अख्ख्या गावात द्या. पण मलेच द्या, मांजरीले नोका देऊ. पुन्हा बोलणं बंद नोका करू. मले नाही होत आता ते सहन."

ती गालीच्यावर बोट फिरवत बसली. मले वाटलं, संपलं.

"मले त्याच दिवशी समजलं," ती म्हणाली. "'टिपा, टिपा' करून राह्यली होती तू. भिंत सोड, तिकडे बीबी गावच्या बाजारात ऐकू गेलं असन."

मी डोळे पुसले. अन् मले रागच आला, खरं सांगते. इतके दिवस मी दागावर अंडी उबवल्यासारखी बसली, नवऱ्याचा हरभरा वाळवला, अन् हिले सगळं माहीत! "मंग रोज काऊन येत होत्या, मी कशी मरते ते पाहाले?" म्हटलं. "पहिल्याच दिवशी बोलून टाकलं असतं तं!"

"बोलली असती तं तू रडली असती, नवा घेऊन देते म्हणाली असती, अन् गालीचा माह्या घरी आला असता." तिनं पदरानं नाक पुसलं. "रोज येऊन पाहो, दाग केवढा राह्यला ते. लय जीव लावून टिपलं वं तू. रोज उलसंक कमीच होऊन राह्यला. मले धाकधूक. म्हटलं, पुरा गेला का ही गालीचा गुंडाळून देईन. मंग दुपारी मी कोणत्या निमित्तानं येऊ या घरी?"

 लिंबू मुठीत धरूनच मी तिच्याजवळ सरकली.

तिनं माही मूठ उघडली. त्यातलं लिंबू काढून बाजूले ठेवलं.

"आता टिपू नोको," म्हणे. "अन् उठ, चहा मांड. इतके दिवस झाले येऊन राह्यली, एक कप चहा नाही पाजला तू."